लोणच्याच्या डब्यातला ट्रॅफिक रिसीव्हर: दीड वर्ष वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा दुकानातून आणलेला माल नाही. स्ट्रॅटक्स नावाचा एक ओपन सोर्स प्रकार आहे, २०१५ पासून चालू आहे. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घ्यायचा, त्याला दोन यूएसबी रेडिओ डोंगल आणि एक जीपीएस लावायचा, मेमरी कार्डवर त्यांचं फुकटचं सॉफ्टवेअर चढवायचं, आणि मग आसपासची विमानं आपली जागा, उंची, वेग जे काही हवेत सोडत असतात ते हा डबा पकडतो आणि वायफायवरून टॅब्लेटच्या नकाशावर टाकतो. एडीएस-बी म्हणतात त्याला. चांगले रेडीमेड रिसीव्हर बरेच महाग पडतात, माझं सगळं दोनशे डॉलरच्या आत बसलं, त्यात डबा फुकट कारण तो कैरीच्या लोणच्याचा होता.

मी मूळचा साताऱ्याचा, बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, पोटापाण्याला सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवारी क्लबचं सेसना १७२ भाड्याने घेऊन उडायचं खूळ. लायसन्स मिळून तीनच वर्षं झालीत त्यामुळे हा हौशी माणसाचा रिव्ह्यू आहे असं धरून वाचा, एअरलाइनवाल्यांनी हसू नये.

घेतला कशासाठी, तर टॉवर नसलेल्या फील्डसाठी. टॉवर नसलेला विमानतळ असतो आणि तिथे रोज विमानं उतरतात हेच आपल्याकडे आधी कुणाला पटत नाही. माझ्या आईला अजूनही वाटतं की कुणीतरी काचेच्या खोलीत बसून "हां, ये आता" म्हणतं तेव्हाच मी उतरतो. अमेरिकेत सगळ्यांना खुले असलेले विमानतळ पाच हजारांच्या आसपास आहेत आणि टॉवर जेमतेम पाचशे-सव्वापाचशे ठिकाणी. बाकी सगळीकडे एकच फ्रिक्वेन्सी, तिला सीटॅफ म्हणतात, ती सगळ्यांनी ऐकायची आणि आपलं आपण बोलायचं. मी अमुक, दहा मैलांवर आहे, येतोय. मी डाऊनविंडला. मी बेसला वळतोय. मी फायनलला. (उतरण्याआधी रनवेभोवती जी फेरी घेतात तिच्या या बाजू: रनवेला समांतर ती डाऊनविंड, मग आडवी ती बेस, मग रनवेच्या सरळ रेषेत ती फायनल.) परवानगी वगैरे कुठून येत नाही. यवतेश्वरच्या घाटात वडील स्कूटर चालवताना प्रत्येक वळणाआधी हॉर्न द्यायचे, वरून कुणी येत असो नसो, अगदी तसंच. आणि घाटात जसा एखादा हॉर्न न देता येतो तसा इथेही येतो, फरक एवढाच की इथे तो नियम मोडत नसतो, कारण अशा बहुतेक फील्डवर विमानात रेडिओ असायलाच हवा अशी सक्ती नाही.

त्यात पुन्हा एकच फ्रिक्वेन्सी आजूबाजूच्या चार फील्डना वाटून दिलेली असते. रविवारी सकाळी हवा छान असली की त्या एका फ्रिक्वेन्सीवर बाजार भरतो. दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी ऐकू येते आणि दोघांचंही गेलं. म्हणूनच फील्डचं नाव वाक्याच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा घ्यायचं असतं, "हॉलिस्टर ट्रॅफिक" म्हणून सुरू करायचं आणि शेवटी परत "हॉलिस्टर", नाहीतर पलीकडच्या डोंगरामागचा माणूस उगाच दचकतो. एक अजून सवय लोकांना आहे, लांबूनच "कोण कोण आहे तिथे, जरा सांगा" असं विचारायची. अमेरिकेतल्या विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, आपल्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट लिहिलंय की असं विचारू नका, तरी दर रविवारी एक जण विचारतोच, आणि मग चौघं एकदम उत्तर देतात, आणि परत शिट्टी.

तर या गोंधळात डोळ्याला मदत म्हणून हा डबा.

जोडायला एक वीकेंड लागला. खरं तर एक दुपार पुरते, पण मी दोन्ही डोंगलचे अँटेना उलटे लावले. एक डोंगल १०९० मेगाहर्ट्झ ऐकतो आणि दुसरा ९७८. अमेरिकेत छोट्या विमानांना ९७८ वर बोलायची मुभा आहे, बाकी जग १०९० वर. कुठला डोंगल कुठलं काम करणार हे त्याच्या आत सीरियल नंबरमध्ये लिहावं लागतं, ते मी लिहिलं बरोबर आणि अँटेना चुकीच्या डोक्यावर बसवले, मग शनिवारभर डोक्यावरून सॅन होजेला जाणारी जेट विमानं तेवढी अंधुक दिसायची आणि छोटी विमानं नाहीतच. बायको म्हणाली, तुझ्या डब्याला फक्त श्रीमंत लोक दिसतात.

आधी मी स्टीलचा डबा घेतला होता, हे कबूल करायला लाज वाटते. इंजिनिअर माणूस, जीपीएस स्टीलच्या डब्यात कोंडून वर विचारतोय की सॅटेलाइट का मिळेना. मग हा प्लॅस्टिकचा लोणच्याचा डबा आला. झाकणाला दोन भोकं अँटेनांसाठी आणि बाजूने गरम सुईने पाडलेली पंधरा-वीस भोकं हवेसाठी, कारण दोन्ही डोंगल चटका बसेल इतके तापतात. आत एक छोटा पंखा. सुरू केला की टॅब्लेट त्याच्या वायफायला जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१०.१ टाकलं की डब्याचं पान उघडतं, किती विमानं ऐकू येतायत, जीपीएस लागला का, सगळं तिथे दिसतं. नकाशाचं अ‍ॅप कुठलंही घ्या, बहुतेकांशी बोलतो.

क्रॉस कंट्रीला, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी लांब उडताना, हा डबा सोनं आहे, यात वादच नाही. पाच हजार फुटांवर व्हॅलीतून जाताना वीस-तीस मैलांतलं सगळं दिसतं, शिवाय जमिनीवरच्या स्टेशनवरून हवामान फुकटात येतं, पाऊस कुठे आहे, पुढच्या फील्डवर वारा किती. एकदा समोरून माझ्याच उंचीवर येणारं एक बोनान्झा सहा मैलांवरून दिसलं, मी दोनशे फूट खाली गेलो, आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसलं तेव्हा ते बाजूने जाऊन मागे पडतच होतं. त्या एका क्षणात डब्याचे पैसे वसूल. इथवर पाचपैकी साडेचार.

पण मी घेतला होता तो रनवेजवळच्या गर्दीसाठी, आणि तिथे गोष्ट वेगळी आहे.

पॅटर्न म्हणजे रनवेभोवतीचा काल्पनिक चौकोन, साधारण हजार फुटांवर, वळणं शक्यतो डावीकडे. त्या चौकोनात चार विमानं असली की सगळी एकमेकांपासून मैलाच्या आत. टॅब्लेटवर मग नुसती मुंग्यांसारखी खिचडी होते, आणि आवाजी वॉर्निंग चालू ठेवली असेल तर बाई बोलतच सुटते, "ट्रॅफिक, ट्रॅफिक", अगं हो, पॅटर्न आहे हा, ट्रॅफिक असणारच. तिसऱ्या आठवड्यात मी आवाज बंद केला. बंद केला म्हणजे आता बघायला मान खाली घालावी लागते. म्हणजे ज्या दोन मिनिटांत मान बाहेर पाहिजे त्याच दोन मिनिटांत ती खाली.

त्यात दिव्याखाली अंधार असा की जमिनीच्या जवळ गेलं की डब्याची ताकद कमी होते. जमिनीवरच्या स्टेशनची दृष्टी डोंगरापलीकडे पोचत नाही, त्यामुळे रडारवर दिसलेल्या विमानांची जी माहिती ती स्टेशन पाठवतात ती गायब, उरतात फक्त थेट ऐकू येणारी विमानं. स्टेशनकडून आलेलं जे काही असतं तेही काही सेकंद जुनं असू शकतं, आणि फायनलवर काही सेकंद म्हणजे बरंच अंतर झालं. अँटेना केबिनच्या आत असल्यामुळे आपल्याच विमानाचा पत्रा आड येतो, पोटाखालचं विमान नीट ऐकू येत नाही. आणि नेमकी तीच जागा वाईट. आमचं सेसना वरच्या पंखाचं, आम्हाला वरचं दिसत नाही. पायपरसारखं खालच्या पंखाचं विमान वरून त्याच रनवेला उतरत असेल तर त्याला खालचं दिसत नाही. दोघं एकावर एक, एकाच उतारावरून, दोघंही रनवेकडे बघतायत.

सगळ्यात मोठी भानगड म्हणजे जे विमान काही पाठवतच नाही ते डब्याला दिसणार कसं. १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी सक्तीचं झालंय असं सगळे म्हणतात, पण ते मोठ्या विमानतळांच्या आसपास आणि दहा हजार फुटांच्या वर. हॉलिस्टर, वॉटसनव्हिलसारखी फील्ड त्या कुंपणाच्या बाहेर येतात. आणि ज्या जुन्या विमानांत मुळातच इंजिनवर चालणारी वीज नाही, ग्लायडर आहेत, बलून आहेत, त्यांना तर बऱ्याच ठिकाणी सूटच आहे.

माझ्याबाबतीत हे असं झालं. फील्डचं नाव नको, व्हॅलीतलं एक छोटं आहे, एकच रनवे, बाजूला बदामाच्या बागा. रविवार, सकाळचे दहा, मी एकटा, डाव्या डाऊनविंडला. स्क्रीनवर दोनच विमानं, एक पाच मैल उत्तरेला आणि एक डोक्यावरून तीन हजार फुटांवर जाणारं. रेडिओवर दुसऱ्याच फील्डची बडबड. मी मनात म्हटलं, आज आपलंच राज्य. बेसला वळलो, बोललो, पंख सरळ केले, डावीकडे रनवे बघितला, मग स्क्रीनकडे एक नजर टाकली, काही नाही, आणि मग, इन्स्ट्रक्टरने दोनशे वेळा घोकून घेतलेलं म्हणून, उजवीकडे फायनलच्या लाइनवर बघितलं. पिवळा पायपर कब. माझ्यापेक्षा थोडा खाली, मुठीएवढा, हळूहळू, जणू बैलगाडीतून बाजाराला निघालाय. त्याच्या पंखाखालचा नोंदणी नंबर मला दिसत नव्हता पण पुढच्या सीटवर कुणी नाही आणि मागे एक टोपी आहे एवढं दिसत होतं.

तो फायनलवर, तो खाली, म्हणजे हक्क त्याचा. पॉवर दिली, उतरणं थांबवलं, त्याची लाइन ओलांडायच्या आतच डावीकडे रनवेला समांतर वळलो आणि तो उजव्या खिडकीत दिसत राहील असा वर निघालो. हात थरथरत नव्हते, घसा मात्र कोरडा. रेडिओवर मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही, ऐकणारा कुणी नव्हताच.

उतरल्यावर त्याच्याकडे गेलो. ऐंशीच्या घरातला म्हातारा, थर्मासमधून कॉफी पीत बसलेला. मी सॉरी म्हणायच्या तयारीत, तर तो म्हणतो, तू डाऊनविंडला असल्यापासून मला दिसत होतास, म्हटलं हा लांब जाऊन वळेल. म्हणजे ज्याच्याकडे रेडिओ नाही, बॅटरी नाही, काही नाही, त्याने मला पूर्ण वेळ बघितलं, आणि ज्याच्या डॅशबोर्डावर दोन अँटेनांचा डबा तो मी गाफील. मग त्याने डबा बघायला मागितला. वास घेतला. टॅब्लेट हातात धरून विचारलं, यात मी कुठे आहे? मी म्हटलं, तुम्ही नाही आहात. तो खूश झाला.

त्या दिवसापासून मी रिकाम्या स्क्रीनचा अर्थ "कुणी नाही" असा लावणं सोडलं. स्क्रीन रिकामी म्हणजे डब्याला कुणी ऐकू आलं नाही, एवढंच.

हे सगळं मी इतकं लांबण लावून लिहितोय कारण आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर वॉटसनव्हिल आहे, स्ट्रॉबेरीच्या शेतांच्या मधलं, आणि तिथे १८ ऑगस्ट २०२२ ला दोन विमानं फायनलवर एकमेकांवर आदळली. एक सेसना १५२ पॅटर्नमध्ये फेऱ्या मारत होतं, दुसरं दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ आत येत होतं. दोघंही रेडिओवर बोलत होते. दोघंही! मोठ्या विमानाने दहा मैलांवरून सांगितलं होतं, छोट्याला ते मागून येतंय हे कळलंही होतं, फक्त ते १८० नॉटच्या आसपास येतंय हे वेळेत कळलं नाही. १५२ फायनलवर त्याच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने जातं. तिघं गेले. चौकशीत अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, एनटीएसबीने, कारण दिलं ते असं की मोठ्याच्या पायलटने पुढचं विमान बघून टाळलं नाही.

इथे डब्याचा उपयोग झाला असता का, हा प्रश्न आमच्या क्लबमध्ये बराच चघळून झाला. माझं मत, झाला असता, जर वेगाचा आकडा बघितला असता तर. स्क्रीनवर प्रत्येक विमानाच्या पुढे एक रेघ असते, पुढच्या मिनिटात ते कुठे असेल ती. सरळ आत येणाऱ्या विमानाची रेघ तुमच्या रेघेच्या तिप्पट असेल तर बेसला वळूच नका, त्याला जाऊ द्या. ही एकच गोष्ट पॅटर्नमध्ये डबा डोळ्यांपेक्षा चांगली करतो, कारण समोरून किंवा मागून सरळ येणाऱ्या ठिपक्याचा वेग डोळ्यांना कळतच नाही. मी आता डाऊनविंडला एकदाच स्क्रीन बघतो, फक्त ती रेघ बघायला, आणि मग बेस-फायनलला टॅब्लेट मांडीवर उलटा.

दुसरी केस जुनी, इलिनॉयमधल्या क्विन्सीची, १९ नोव्हेंबर १९९६. ही वाचली आणि मला दोन रात्री झोप नीट लागली नाही. संध्याकाळची वेळ, टॉवर नाही, एकमेकांना छेदणारे रनवे. प्रवासी घेऊन आलेलं बीचक्राफ्ट १९०० रनवे १३ वर उतरतंय, रनवे ४ च्या तोंडाशी एक किंग एअर उभं, त्याच्या मागे एक छोटं चेरोकी. बीचक्राफ्टवाल्यांनी नीट विचारलं की रनवे ४ वरचं विमान थांबतंय का निघतंय. उत्तर आलं, थांबलोय. पण ते उत्तर मागच्या चेरोकीचं होतं! त्याच वेळी कॉकपिटमध्ये उंचीची वॉर्निंग वाजली आणि उत्तरातला थोडा भाग त्याखाली गेला, यांना वाटलं किंग एअरच बोललं. किंग एअरने उत्तर दिलंच नव्हतं, ते निघालं. चौकात धडक. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले, आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे बीचक्राफ्टमधले लोक धडकेतून वाचले होते, आगीच्या धुराने गेले, धावत आलेल्या माणसांना दरवाजा उघडता आला नाही.

एका वाक्याने हे झालं. कुणीही खोटं बोललं नाही. आज तिथे दोन्ही विमानांत एडीएस-बी असतं तरी उतरायच्या शेवटच्या दहा सेकंदांत स्क्रीनकडे कोण बघणार? आणि माझ्या अ‍ॅपमध्ये जमिनीवरचं ट्रॅफिक लपवायची सेटिंग आहे, ती मी गर्दी नको म्हणून पहिल्या दिवशीच चालू केली होती, आणि क्विन्सीचं वाचून त्याच रात्री बंद केली. तुम्हीही बघून घ्या.

भारतातून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, करायला इकडे किंवा कॅनडात येणाऱ्या पोरांसाठी थोडं. तुमची निम्मी सर्किट, म्हणजे पॅटर्नमधल्या फेऱ्या, अशाच फील्डवर होणार आहेत. जुलै २०२५ मध्ये कॅनडात मॅनिटोबातल्या स्टाइनबाखजवळ ट्रेनिंगच्या दोन सेसना आदळल्या, दोन विद्यार्थी गेले, त्यातला एक केरळचा होता. तुम्हाला स्कूलच्या विमानात काय बसवायचं यावर तुमचं काही चालणार नाही, पण हा डबा बॅगेत मावतो. इन्स्ट्रक्टरला आधी विचारा, काहींना ट्रेनिंगमध्ये स्क्रीन नको असते आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. परत गेल्यावर ९७८ चा डोंगल काढून ठेवा, तो अमेरिकेबाहेर कामाचा नाही. आणि इंग्रजी गडबडीत बोलू नका. आपल्याकडची पोरं घाबरली की एका श्वासात सगळं बोलून टाकतात, मीही तेच करायचो. टॉवर असला तर तो परत विचारतो, इथे परत विचारायला कुणी बसलेलं नाही.

आता तक्रारी, आणि त्या सगळ्या माझ्या हातच्या कामाच्या आहेत. पहिल्या तीन महिन्यांत डबा मधेच रीबूट व्हायचा. मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, कार्ड बदललं, रास्पबेरी पाय बदलला, शेवटी निघालं काय तर पॉवर बँकेची केबल. ड्रॉवरमधली कुठल्यातरी जुन्या फोनची बारीक केबल होती, तेवढा करंट तिच्यातून जाईना, व्होल्टेज पडलं की पाय झोपतो. परत उठायला मिनिटभर आणि जीपीएस लागायला अजून थोडा वेळ, म्हणजे अख्खी डाऊनविंड गेली. आखूड, जाड केबल घ्या, आठ डॉलरची. उन्हात डॅशबोर्डावर ठेवला तर जुलैमध्ये डबा आणि टॅब्लेट दोन्ही तापून बंद पडतात, शिवाय डब्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि नेमकं समोरचं विमान असायचं त्या जागी लाल झाकण दिसतं. आता तो मागच्या खिडकीला व्हॅक्यूम कपने लटकवलाय. आणि अधूनमधून आपलंच विमान दुसरं विमान म्हणून दिसतं, बरोबर आपल्या मागे, आपल्याच उंचीवर. पहिल्यांदा झालं तेव्हा मी मान मोडेपर्यंत मागे बघत होतो.

तर पाचपैकी: प्रवासात साडेचार, पॅटर्नमध्ये दोन, त्यातला दीड त्या रेघेचा. पैशाच्या मानाने पाच. रेडीमेड घ्यायचा का हा, तर हाताला खाज असेल तर हा, नाहीतर सरळ रेडीमेड घ्या, पॅटर्नमध्ये त्यांनाही कब दिसत नाही.

बनवणार असाल तर केबल आधी घ्या, डबा नंतर. आणि लोणच्याचाच घेणार असाल तर धुऊन दोन-तीन दिवस उघडा उन्हात ठेवा. मी घाई केली, क्लबच्या त्या विमानात अजून मोहरीचा वास येतो आणि मागच्या आठवड्यात नोटीस बोर्डावर कुणीतरी विचारलंय की इंजिनमधून तेल गळतंय का.